मरीन ड्राइव्हचा कट्टा आणि सायकलचा पट्टा

प्रश्न गिरगावातून आला आहे, थोडक्यात असा: "मी रोज पहाटे मरीन ड्राइव्हला सायकल चालवते. तिथे कायमचा, वेगळा सायकल ट्रॅक हवा म्हणून आमच्या ग्रुपवर एक अर्ज फिरतोय. माझे सासरे रोज संध्याकाळी तिथेच कट्ट्यावर बसतात आणि त्यांचा याला कडाडून विरोध आहे. ते म्हणतात, बीकेसीतला (वांद्रे-कुर्ला संकुलातला) ट्रॅक उखडायची वेळ आली, इंग्लंडमधल्या एका समुद्रकाठच्या गावालाही असलाच उद्योग महागात पडला, मग इथे हट्ट कशाला? मी सही करू का?"

सासऱ्यांना आधी माझा नमस्कार सांगा. त्यांचं सगळंच बरोबर आहे असं नाही, पण रोज एकाच जागी दोन तास बसणाऱ्या माणसाला रस्ता जितका कळतो तितका आराखडा काढणाऱ्याला क्वचितच कळतो. मी तीसेक वर्षं रस्त्यांचे आराखडे काढले. त्यात काही सायकल ट्रॅकही होते. त्यांतल्या निम्म्यांवर आज स्कूटर उभ्या असतात, तेव्हा माझा सल्ला तेवढं मीठ लावूनच घ्या.

समुद्राकाठचा रस्ता सायकलसाठी उत्तम, असं आमच्या शाखेत शिकवतात आणि त्याला कारण आहे. सायकलवाल्याचा घात बहुतेक वेळा चौकात होतो, सरळ रस्त्यावर त्या मानाने कमी. डावीकडे वळणारी गाडी, गल्लीतून नाक बाहेर काढणारी गाडी, सोसायटीच्या फाटकातून मागे येणारी गाडी, ही सगळी भानगड आडरस्त्यांची. समुद्राच्या बाजूला आडरस्ताच नसतो. मरीन ड्राइव्हची इमारतींकडची बाजू बघा. दक्षिणेला ए रोड, बी रोड अशी अक्षरांच्या नावाची गल्ल्यांची ओळ, प्रत्येक इमारतीला फाटक, पुढे उत्तरेला जिमखान्यांची दारं. समुद्राकडची बाजू मात्र नरिमन पॉइंटपासून चौपाटीपर्यंत जवळपास सलग. त्यामुळे ज्याला ट्रॅक काढायला सांगाल तो डोळे मिटून समुद्राच्या बाजूलाच रेघ ओढेल. मीही ओढली असती.

आता घड्याळ बघा. आपण डावीकडून चालतो आणि समुद्र पश्चिमेला आहे. म्हणजे समुद्राकडचा अर्धा रस्ता उत्तरेला जाणारा, नरिमन पॉइंटकडून चौपाटीकडे. सकाळी शहरात येणारा लोंढा इमारतींच्या बाजूने येतो आणि संध्याकाळी घरी परतणारा समुद्राच्या बाजूने. सूर्यही संध्याकाळीच मावळतो, त्याला इलाज नाही. म्हणून साधारण सहा ते साडेआठ या वेळात घरी निघालेल्या गाड्या, माणसं सोडणाऱ्या टॅक्सी, सूर्यास्त बघायला आलेले लोक आणि कट्ट्यावर आधीच बसलेली तुमच्या सासऱ्यांची मंडळी, सगळे एकाच कडेला एकमेकांना भिडतात. ट्रॅक नेमका त्या कडेला जातो.

काळी-पिवळी कडेला थांबते. मागचं डावं दार उघडतं, म्हणजे ट्रॅककडचं. आधी दोन मुलं उडी मारून पळतात. मग आजीचा एक पाय बाहेर येतो, एक हात दाराच्या वरच्या कडेवर बसतो, आणि त्यानंतर बराच वेळ काहीही होत नाही. आतून कुणीतरी सुट्टे पैसे शोधत असतं. सायकल अगदी आरामात, ताशी १५ किलोमीटरने येत असली तरी ती सेकंदाला चार मीटर पुढे सरकते. आजीचा दुसरा पाय बाहेर येईपर्यंत चाळीस मीटरवरची सायकल तिच्या गुडघ्याशी आलेली असते. यात कुणाचीच चूक नाही. टॅक्सी थांबायच्या जागीच थांबली, आजी तिच्या वेळेनेच उतरली, सायकल ट्रॅकवरच होती.

बाकीचे रस्ते पोहोचण्यासाठी असतात. समुद्राकाठच्या रस्त्यावर बहुतेकांचं पोहोचणं आधीच झालेलं असतं, ते तिथे थांबायला आलेले असतात. सायकल ट्रॅक ही जाणाऱ्याची सोय. थांबणाऱ्यांच्या गर्दीतून जाणाऱ्यासाठी पट्टा काढायचा, तर थांबणाऱ्यांची व्यवस्था आधी लावावी लागते: टॅक्सी कुठे थांबणार, १२३ नंबरची बस कुठे थांबणार, सिग्नलवरून रस्ता ओलांडून आलेला घोळका कुठे उभा राहणार. आमच्याकडे क्रम उलटा असतो. ट्रॅकचा हिरवा रंग आधी फासला जातो आणि आजी कुठे उतरणार हे नंतर आठवतं.

मरीन ड्राइव्हवर सगळ्यात नेमाने सायकल आणणारा माणूस कोण, हे विचारलंत तर तुम्ही पहाटेच्या हेल्मेटवाल्यांकडे बोट दाखवाल. माझं उत्तर, सायकलवरचा चहावाला. मागच्या कॅरिअरला स्टीलची टाकी बांधलेली, हँडलला कागदी पेल्यांची पिशवी, पुढे बिस्किटं आणि सिगारेटी. वर्षाचे बाराही महिने, रात्री उशिरापर्यंत. शिवाय डबेवाले, पाववाले, डोक्याऐवजी कॅरिअरवर इडलीचं भांडं घेतलेले अण्णा, रात्रपाळी संपवून निघालेले वॉचमन. एकदा वाहतूक मोजणीच्या कामावर मी असाच रस्त्याकडेला बसलो होतो. आमच्या तक्त्यात कार, टॅक्सी, बस, दुचाकी, ट्रक असे रकाने होते आणि शेवटी 'इतर'. चहावाला आला की पोरं विचारायची, साहेब हा कशात? तो उभा असेल तर वाहतूक नाही, आणि चालत असेल तर 'इतर'. शेवटी त्यानेच आम्हाला चहा दिला आणि विचारलं की इथे काही होणार आहे का, कारण काही झालं की आधी त्याला उठवतात. त्याची काळजी खरी निघाली नाही, कारण त्या मोजणीतून काहीच झालं नाही.

आता बीकेसी. २०११ च्या सुमारास तिथे कोट्यवधी रुपये खर्चून ट्रॅक झाला आणि २०२५ मध्ये तो काढून गाड्यांसाठी रस्ता रुंद करायचं एमएमआरडीएने, म्हणजे महानगर विकास प्राधिकरणाने, ठरवलं, हे खरं. पण त्यावरून 'मुंबईत सायकल चालत नाही' असा निष्कर्ष काढणं म्हणजे बिनपाण्याचा नळ बसवून लोकांना तहान नाही म्हणण्यासारखं. त्या ट्रॅकचं पहिलं दुखणं म्हणजे तो कुठून कुठे जातो याचं उत्तर नव्हतं. बीकेसीत कामाला येणारा माणूस वांद्रे नाहीतर कुर्ला स्टेशनवर उतरतो. तिथून संकुलापर्यंतचा जो खरा त्रासाचा टप्पा, रिक्षांच्या रांगांचा आणि उखडलेल्या फुटपाथचा, तिथे ट्रॅक नव्हता. जिथे रस्ते आधीच रुंद आणि बरे होते तिथे होता. दुसरं म्हणजे पार्किंग. कडेला रिकामी फरसबंद जागा दिसली की मुंबईत ती संध्याकाळपर्यंत रिकामी राहत नाही. ट्रॅकवर गाडी उभी करणाऱ्याला उचलणारी यंत्रणा नसेल तर ट्रॅक हा पार्किंगवर झालेला खर्च असतो. म्हणून सासऱ्यांना सांगा, बीकेसीचा दाखला चालतो, पण तो वाईट ट्रॅकविरुद्धचा दाखला आहे.

इंग्लंडमधलं गाव म्हणजे बहुधा क्लिव्हडन. नॉर्थ सॉमरसेटमधलं लहानसं समुद्रकाठचं गाव, तिथला १८६९ सालचा लोखंडी पिअर, म्हणजे समुद्रात गेलेला धक्का, प्रसिद्ध आहे. २०२३ च्या सुरुवातीला या गावाचं नाव इंग्लंडभर झालं ते रस्त्यावरच्या रेषांमुळे. कौन्सिलने किनाऱ्याच्या रस्त्यावर दोन्ही दिशांचा सायकल मार्ग केला, गाड्यांची वाहतूक एकेरी केली, पार्किंगची मांडणी बदलली, आणि गाड्या हळू चालाव्यात म्हणून कडेच्या पांढऱ्या रेषा सरळ न आखता नागमोडी आखल्या. लोकांनी मनसोक्त टिंगल केली, मग मोर्चे काढले. कौन्सिलला बाहेरच्या तज्ज्ञांकडून परीक्षण करून घ्यावं लागलं आणि शेवटी त्या रेषा पुसून आणखीही काही बदल मागे घ्यायचं ठरलं. फोटो रेषांचेच छापून आले, पण तिथल्या म्हाताऱ्या माणसांचं दुखणं वेगळं होतं. आधी ते समुद्राकडे तोंड करून गाडी लावायचे आणि थंडीवाऱ्यात काचा वर करून आतूनच समुद्र बघत बसायचे. पार्किंग हललं आणि ते बसणं गेलं. तो त्यांचा कट्टा होता. नकाशावर मात्र ती फक्त पार्किंगची जागा होती.

कट्टा नकाशावर न दिसणं ही आपल्याकडचीही जुनी खोड. मुंबईच्या किनाऱ्यालगतचा नवा कोस्टल रोड बांधताना वरळी कोळीवाड्याशी काय झालं ते आठवा. पुलाच्या खांबांमधलं अंतर ६० मीटर धरलेलं होतं. कोळी म्हणत होते की भरतीच्या लाटांत एवढ्यातून होड्या सुखरूप निघत नाहीत, अंतर वाढवा. किती वर्षं आंदोलनं, किती बैठका. शेवटी एका ठिकाणी खांब वगळून १२० मीटरचा गाळा द्यायचं मान्य झालं. होडी त्या जागेतून कशी वळते हे पहिल्या दिवशी विचारलं असतं तर तो बदल कागदावर खोडरबराने झाला असता.

तुम्हाला आठवत असेल, २०१७ च्या अखेरीला महापालिकेने रविवार सकाळचा सायकल ट्रॅक सुरू केला होता, नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहापासून वरळीपर्यंत, बारा किलोमीटरच्या आसपास. सकाळी सहा ते अकरा. पुढे २७ मार्च २०२२ पासून, संजय पांडे पोलीस आयुक्त असताना, 'संडे स्ट्रीट' सुरू झाले. त्यात नरिमन पॉइंटचा दोराबजी टाटा रोड होता, वांद्र्याचा कार्टर रोड होता. दोन्ही उपक्रमांना गर्दी झाली. पोरं स्केटिंग करत होती, कुणी रस्त्यावर चटया टाकून योगासनं करत होतं. तरी दोन्ही विरले. विरोध झाला म्हणून ते विरले नाहीत, त्यांना मारलं ते लेन अडवायला रस्त्यावर ठेवतात त्या प्लास्टिकच्या कोनांनी.

नारंगी कोन पाच मीटरला एक ठेवायचा म्हटलं तर मरीन ड्राइव्हच्या ३.६ किलोमीटरला ७२० कोन लागतात. ते पहाटे चारला टेम्पोत भरायचे, टेम्पो हळूहळू पुढे सरकणार, मागच्या फाळक्यावर बसलेली दोन पोरं एकेक खाली ठेवणार, तिसरा चालत येऊन ते एका रेषेत लावणार. अकरा वाजता हेच उलट्या दिशेने, आणि तेव्हा रस्ता गाड्यांनी भरलेला. प्रत्येक चौकाला पोलीस. रविवार असल्यामुळे सगळ्यांचा जादा भत्ता, नाहीतर बदली रजा. पहिले चार रविवार हे उत्साहाने होतं. दहाव्या रविवारी कोन कमी आलेले असतात, पंधराव्या रविवारी शिवाजी पार्कला बंदोबस्त असतो. जी गोष्ट चालू ठेवायला दर वेळी कुणीतरी पहाटे चारला उठावं लागतं ती सरकारी व्यवस्थेत टिकत नाही. रोजची असेल तर टिकते, कारण मग ती कुणाची तरी ड्युटी होते.

अर्जातला 'कायमस्वरूपी' हा शब्द मला खटकतो तो इथे. ढोबळ हिशेब करू. एका बाजूच्या तीन लेन, प्रत्येकी साडेतीन मीटर धरा, म्हणजे साडेदहा. दोन्ही दिशांच्या सायकलसाठी तीन मीटर तरी हवेत, शिवाय गाड्यांपासून अर्धा-पाऊण मीटरची फट. म्हणजे एक पूर्ण लेन गेली. लेन नुसत्या बारीक करून, ३.१ मीटरच्या करून, हातात पडतो १.२ मीटर. त्यात हँडल आणि झोकांडी धरून एक सायकल बसते, दुसरीला ओलांडून जायला जागा उरत नाही. तेव्हा लेन द्यायची की नाही हाच खरा प्रश्न. प्रोमेनेडमधून, म्हणजे समुद्राकडच्या रुंद फुटपाथमधून, जागा काढायची सूचना कुणी केली तर तिला मी सरळ विरोध करीन; चालणाऱ्याच्या ताटातलं ओढून सायकलवाल्याला वाढायचं आणि मोटारवाल्याच्या ताटाला हात लावायचा नाही, यात मला काही पुरोगामी दिसत नाही.

इथे सायकलप्रेमी मंडळी एक आकडा हटकून पुढे करतात: गाड्यांच्या लेनमधून तासाला फार तर सहाशे ते सोळाशे माणसं जातात आणि तेवढ्याच जागेतल्या सायकल ट्रॅकमधून सात-साडेसात हजार. आकडा खोटा नाही. पण तो क्षमतेचा आहे, म्हणजे इतकी माणसं मावतील असं तो सांगतो. ती येतील का, हे त्यात नाही. हा आकडा घेऊन महापालिकेत गेलात तर समोरचा अधिकारी मान डोलावेल आणि तुमच्यामागे दार लावून हसेल, कारण त्याच्याकडे कोस्टल रोडचे आकडे आहेत. मार्च २०२४ मध्ये तो रस्ता सुरू झाल्यापासून त्याच्या बोगद्यातून बाहेर पडणाऱ्या गाड्या मरीन ड्राइव्हच्या उत्तर टोकाला ओतल्या जातात. शहराच्या पूर्वेकडच्या ऑरेंज गेटहून येणाऱ्या भूमिगत रस्त्याचं तोंडही मरीन ड्राइव्हलाच उघडणार आहे. अशा वेळी संध्याकाळची लेन कायमची द्या म्हणणं म्हणजे अर्ज फायलीत घालायला कारण देणं.

सकाळ मात्र तुमची आहे. मघाचं घड्याळ उलटं फिरवा: सकाळचा लोंढा दक्षिणेला, इमारतींच्या बाजूने येतो. समुद्राकडची उत्तरेला जाणारी बाजू त्या वेळी अर्धी रिकामी असते. तिथली डावी लेन पहाटे पाचपासून साडेआठपर्यंत रोज सायकलला दिली तर जवळपास कुणाचंच काही जात नाही. टॅक्सीतून उतरणाऱ्या आजी तेव्हा नसतात, फिरायला येणारे चालत येतात. साडेआठनंतर लेन परत. संध्याकाळी तीच लेन उघडपणे थांबायची लेन म्हणून जाहीर करावी, सिग्नलच्या अलीकडे-पलीकडे टॅक्सीच्या ठरलेल्या जागा, मध्ये कुठेही थांबायचं नाही. आज तशीही ती थांबायचीच लेन आहे, फक्त चोरून. कोन-टेम्पोच्या जागी दुभाजकालगत चाकांची बॅरिकेड उभी करून ठेवावीत, दोन माणसांनी ढकलली की लेन बंद. असलं वेळेचं गणित आपल्या देशात नवीन नाही. पुदुच्चेरीच्या गूबेर अव्हेन्यूवर, म्हणजे तिथल्या बीच रोडवर, संध्याकाळी सहापासून सकाळी साडेसातपर्यंत गाड्यांना बंदी असते आणि कुणाला त्यात विशेष वाटत नाही.

वेळेच्या पट्ट्याचा आणखी एक फायदा, त्याला समुद्र खात नाही. कायमचा ट्रॅक म्हटलं की कर्ब (कडेचा उंचवटा), खुंट, रेलिंग, रंग आले. साध्या लोखंडाचा खुंट मरीन ड्राइव्हवर दोन पावसाळ्यांत बुडापाशी पोखरतो. वरून रंग शाबूत दिसतो आणि हात टेकला की तो हलतो. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि वारा एकत्र आले की कठड्यावरून लाट येते, आणि ती नुसतं पाणी आणत नाही. वाळू, प्लास्टिक, चप्पल, टेट्रापॉडमध्ये, म्हणजे लाटा अडवणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्यांत, अडकलेले मुठीएवढे दगड, सगळं रस्त्यावर. हे पाणी परत निघून जायला हवं, आणि मध्ये सलग कर्ब घातला की ते ट्रॅकमध्येच तुंबतं. गुळगुळीत हिरवा रंग ओला झाला की वळणावर चाक निसटतं. गटाराची जाळी हा आणखी एक विषय. तिच्या फटी रस्त्याला समांतर बसवल्या की बारीक टायर आत जातो आणि सायकलस्वार हँडलवरून पुढे. जाळी काटकोनात फिरवून बसवायला एक पैसाही जास्त लागत नाही. मी एका कामावर हे लेखी दिलं होतं, ठेकेदाराने मान्यही केलं, आणि प्रत्यक्षात अर्ध्या जाळ्या तशा, अर्ध्या अशा बसल्या.

शिवाय मरीन ड्राइव्हवर काहीही कायमचं करायचं तर वारसा समितीकडे जावं लागतं. इमारतींची ती आर्ट डेको रांग २०१८ पासून जागतिक वारसा आहे. २०१५ मध्ये पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा 'राणीचा हार' म्हणतात त्या दिव्यांच्या रांगेचे मोती झाले की ट्यूबलाइट झाली यावर केवढा गहजब झाला होता, आणि अखेर पिवळसर उजेड परत आणावा लागला. नुसत्या उजेडाचा रंग बदलल्यावर ही तऱ्हा. तिथे तीन मीटर रुंद हिरवा पट्टा रंगवायला निघालेल्या माणसाला माझ्या शुभेच्छा.

तुम्ही पहाटे जाता म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी सायकल चालवत असताना टॅक्सीने मागून धडक दिली आणि ते गेले. पहाटेची वेळ, सोबत इतर सायकलस्वार, अनुभवी माणूस. रिकाम्या रुंद रस्त्यावर धोका असतो तो हा, मागून येणाऱ्या वेगाचा. पहाटे मरीन ड्राइव्हही असाच रिकामा आणि मोहात पाडणारा असतो. संध्याकाळी तिथे सायकलला धक्के बसतील, खरचटेल. जीव जायची भीती पहाटे जास्त. म्हणून संरक्षण हवं ते पहाटे, आणि तेव्हाच ते स्वस्तात मिळण्यासारखं आहे. एक अट मात्र पाळावी लागेल. ताशी तीस-पस्तीसने जाणारे शर्यतीच्या सायकलवाले या पट्ट्यात नकोत, त्यांनी मधल्या लेनमधून जावं. बाराने जाणाऱ्या मावशींना सगळ्यात जास्त भीती मोटारीची नसते, ती यांची असते.

राहिला कोस्टल रोडचा प्रोमेनेड, ज्याचा मोठा भाग ऑगस्ट २०२५ मध्ये खुला झाला. प्रियदर्शिनी पार्कपासून वरळीपर्यंत साडेसात किलोमीटरची त्याची लांबी, रुंदी ऐसपैस, सायकलसाठी जागा धरलेली. लोक म्हणतात, तिकडे झालाय ना, मग इकडे कशाला. तुम्ही तिकडे जाणार कशा? बोगद्यात सायकलला बंदी, दुचाकीलाही बंदी. चौपाटीवरून एक तर वाळकेश्वरचा चढ चढा आणि नेपियन सी रोडला उतरा, नाहीतर बाबुलनाथवरून केम्प्स कॉर्नरच्या पुलाखालच्या गोंधळातून ब्रीच कँडीला निघा. दोन्ही टोकांना देखणा किनारा आणि मधल्या दोन-तीन किलोमीटरमध्ये सायकलवाल्याला कुणी वाली नाही. मला कायमस्वरूपी ट्रॅकचे पैसे दिले तर मी ते एक पैसाही मरीन ड्राइव्हवर न खर्चता या खिंडारात घालीन. आणि थोडे उरले तर रेल्वेरुळांवरच्या पादचारी पुलांना देईन. गिरगावातून समुद्राकडे येताना तुम्ही सायकल खांद्यावर घेऊन जिना चढत असाल, असा माझा अंदाज आहे. जिन्याच्या कडेला चाक बसेल एवढी लोखंडी पन्हळ लावली की सायकल ढकलत वर नेता येते. वेल्डिंग करणाऱ्याचं आठवड्याचं काम. पण त्याचं उद्घाटन करायला कुणी येत नाही, म्हणून ते होत नाही.

तर सही करा, पण मजकूर बदलून. 'कायमस्वरूपी सायकल ट्रॅक' काढा आणि लिहा: समुद्राकडची डावी लेन, रोज पहाटे पाच ते साडेआठ, तीन महिने प्रायोगिक, आणि त्यातला निदान एक महिना पावसाळ्यातला. महापालिका आणि वाहतूक पोलीस दोघांनाही प्रत द्या, एकालाच दिलीत तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवेल. दुसरी मागणी, संध्याकाळसाठी टॅक्सी थांबायच्या नक्की केलेल्या जागा. त्या कुठे असाव्यात हे तुम्ही ठरवू नका. एखाद्या संध्याकाळी कागद-पेन्सिल घेऊन सासऱ्यांच्या शेजारी बसा, त्यांच्या मंडळींपैकी टॅक्सीने कोण येतं, गुडघ्यांमुळे कोणाला किती चालवतं, ते विचारा आणि त्या जागा तशाच अर्जात घाला. मग खाली त्यांची सही मागा.